अल्कोचा आवाज, दुसऱ्या इंजिनाचा बोर्ड

९ फेब्रुवारी २०२५, परभणी

जालन्याच्या एका हौशी माणसाकडून मॉडेल रेल्वेची दोन एचओ, म्हणजे १/८७ मापाची, इंजिनं घेतली, दोन्ही अमेरिकन मॉडेलं, सेकंडहँड, दोन्हीत डीसीसी (रुळातूनच इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) आणि साऊंडचा बोर्ड. डब्यात चिठ्ठी होती की आवाजाच्या चिपा आपापसात बदलल्यात पण आवाज बरोबर येत नाही. म्हणूनच एवढ्या कमी पैशात मिळाली.

पुढं गोंधळ नको म्हणून नावं देऊन टाकतो. 'क' म्हणजे अल्को या अमेरिकन कंपनीचं सहा धुऱ्यांचं इंजिन, मूळ आवाज अल्को २५१ चा, पण एका धुरीचा प्लास्टिकचा गियर तडकलाय, टक टक करत पळतं. 'ख' म्हणजे ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं, मूळ आवाज ईएमडी ६४५ चा, चेसिस एकदम मस्त, मोटर लोण्यासारखी फिरते. मला 'ख' च्या चेसिसमध्ये 'क' चा आवाज पाहिजे, कारण वरून बसणार आहे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची बॉडी.

आणि डब्ल्यूडीएम-२ म्हणजे अल्को २५१ च, १६ सिलिंडरचं व्ही इंजिन, २६०० हॉर्सपॉवर, १९६२ ला पहिली अमेरिकेतून आली, १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली. ज्यानं लहानपणी परभणी नाहीतर पूर्णा स्टेशनवर हे इंजिन उभं राहून गुरगुरताना ऐकलंय त्याला ईएमडीचा टू-स्ट्रोक आवाज त्या बॉडीतून आला तर सहन होणार नाही. साधा हिशोब बघा, फोर-स्ट्रोक (प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो) १६ सिलिंडर, आयडलला ४०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ५३ ठोके. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो, त्यामुळं आरपीएम कमी असला तरी ठोके दाट पडतात आणि आवाज सपाट गुणगुणल्यासारखा येतो. अल्कोचं तसं नाही, ते आयडलला लंगडतं, मधेच अडखळल्यागत करतं, ते लंगडणंच तर ऐकायचंय.

बॉडी थ्रीडी प्रिंट करून आणलीय. खरं इंजिन १७ मीटरच्या थोडं वर, ८७ नं भागलं की साधारण १९७ मिलीमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरचा म्हणजे एचओत १९.३ यायला पाहिजे, पण रूळ १६.५ चेच मिळतात, तेवढी तडजोड सगळेच करतात, मीपण.

१३ फेब्रुवारी

आज दोन्ही रुळावर ठेवून ऐकली. कमांड स्टेशन म्हणजे डीसीसी-ईएक्स टाकलेला आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्ड, लॅपटॉपवर जेएमआरआय हे मॉडेल रेल्वेचं सॉफ्टवेअर. अनोळखी बोर्डाला थेट करंट द्यायचा नाही हा माझा नियम, म्हणून रुळाच्या एका तारेत गाडीच्या ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला. बोर्डात कुठं शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि करंट पावणेदोन-दोन अँपिअरच्या आसपासच अडतो, बोर्ड जळायची भीती कमी. स्पेअर पार्टच्या दुकानात वीस-तीस रुपयाला मिळतो, प्रत्येकानं ठेवावाच. दोन्ही वेळेस बल्ब नुसता मंद राहिला म्हणजे शॉर्ट नाही.

आता लक्षणं. 'ख' मध्ये सध्या अल्कोची चिप आहे. इंजिन चालू करायचं बटन दाबलं की स्टार्टरच्या ऐवजी आधी भोंगा वाजतो, मग घंटा, मग आयडलच्या जागी हवेचं फुस्स फुस्स परत परत. पण भोंग्याचं बटन दाबलं तर भोंगा बरोबर, घंटेचं दाबलं तर घंटा बरोबर. 'क' मध्ये ईएमडीची चिप आहे, तिथं चालू केल्यावर नुसती खरखर, पण भोंगा आणि घंटा तिथंही बरोबर.

हे वाचून बरेच जण म्हणतील चिप खराब झाली. मला तसं वाटत नाही, खराब चिप इतकी शिस्तीत वागत नसते. दोन्हीकडं भोंगा-घंटा ठीक आणि इंजिनचाच आवाज बिघडलेला, म्हणजे याच्यामागं काहीतरी एकच कारण असणार.

१६ फेब्रुवारी

बॉडी काढून दोन्ही बोर्ड भिंगाखाली घेतले. रचना सारखीच आहे, दोन्हीवर सॉकेटमध्ये बसवलेल्या दोन दोन चिपा. मोठी चौकोनी ४४ पायांची ती कंट्रोलची, पिक १६एफ८७७, हीच रुळावरचा डीसीसी सिग्नल वाचते, मोटर फिरवते, लाईट लावते आणि कुठला आवाज कधी वाजवायचा ते ठरवते. छोटी आयताकृती ३२ पायांची ती आवाजाची, म्हणजे नुसती मेमरी, तिच्यात अक्कल काही नाही, मागितलं ते देते. दोन्ही पीएलसीसी, पाय आत वळलेले.

खरी गंमत आवाजाच्या चिपांवरच्या नंबरात निघाली. स्टिकर हळूच उचलून बघितलं तर अल्कोची चिप २७सी०४० निघाली आणि ईएमडीची ३९एसएफ०४०. दोन्ही ४ मेगाबिटच्या म्हणजे ५१२ केबी, दोन्ही ५ व्होल्टच्या, दोन्ही त्याच मापाच्या, सॉकेटात दोन्ही खटकन बसतात. पण पहिली ईप्रॉम आहे, एकदाच लिहिता येणारी, आणि दुसरी फ्लॅश, पुसून परत लिहिता येणारी. रात्री दोन्हीच्या डेटाशीट शेजारी शेजारी उघडून एकेक पिन मिळवत बसलो.

१७ फेब्रुवारी

सापडलं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या साऊंड बोर्डांवर हात घालणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणार.

५१२ केबी मेमरीला १९ ॲड्रेस लाईन, म्हणजे मेमरीतली जागा सांगणाऱ्या तारा, लागतात, ए-० पासून ए-१८ पर्यंत. त्यातली सगळ्यात वरची ए-१८ एवढंच ठरवते की खालची अर्धी मेमरी वाचायची की वरची अर्धी. २७सी०४० मध्ये ए-१८ आहे ३१ नंबरच्या पायावर आणि १ नंबरच्या पायावर व्हीपीपी, म्हणजे लिहिताना लागणारा जास्तीचा व्होल्टेज. ३९एसएफ०४० मध्ये ए-१८ आहे १ नंबरवर आणि ३१ नंबरवर 'लिहा' म्हणून सांगणारी डब्ल्यूई पिन. एवढे दोन पाय सोडले तर बाकी सगळं सारखं.

आता 'ख' चा बोर्ड फ्लॅशसाठी बनलाय. बोर्ड आवाज फक्त वाचतो, लिहीत कधीच नाही, म्हणून ३१ नंबर कायमचा ५ व्होल्टला बांधलेला असणार असं वाटलं, मल्टिमीटर लावला, तसंच निघालं. त्या सॉकेटात ईप्रॉम बसवली की तिचा ए-१८ कायम वर. मग बोर्ड काहीही मागू दे, चिप वरचीच अर्धी मेमरी देणार. भोंगा आणि घंटा वरच्या अर्ध्यात असतील तर ते बरोबर वाजणार आणि खालच्या अर्ध्यातलं इंजिन मागितलं की त्याच्या जागी वरचं काहीतरी येणार. तेरा तारखेला जे ऐकलं ते हेच.

'क' मध्ये उलटं. तो बोर्ड ईप्रॉमसाठीचा, त्याची ए-१८ ची लाईन फ्लॅशच्या डब्ल्यूई पिनवर जाते, म्हणजे खालचा अर्धा वाचायला गेलं की चिपला वाटतं लिहायला सांगताहेत, आणि उत्तर धड येत नाही. यात एक भीती होती की फ्लॅशमधला आवाज पुसला तर गेला नसेल ना. पण या चिपेत लिहिण्याआधी ठराविक पत्त्यांवर ठराविक आकडे एका क्रमानं द्यावे लागतात, तो कुलुपाचा क्रम चुकून जुळणं जवळपास अशक्य, त्यामुळं माल शाबूत असणार. वाचल्यावर कळेलच.

म्हणजे जालन्याच्या माणसाच्या हातून चिप खराब झालेली नाही. त्यानं काम व्यवस्थित केलं होतं, वाकडा एक पाय नाही. दोन चिपा दिसायला सारख्या आणि पायांची मांडणी वेगळी, हे वरून बघून कुणालाच कळलं नसतं.

२३ फेब्रुवारी

चिपा काढून वाचल्या. काढताना पीएलसीसीचा चिमटाच वापरायचा, सॉकेटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खाचा असतात त्यात टोकं घालून सरळ वर ओढायचं, स्क्रूड्रायव्हरनं एका बाजूनं उचकटलं की सॉकेट फुटतं आणि मग ते बदलणं म्हणजे आठवड्याचं काम. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, कापलेला कोपरा कुठं आहे, टिंब कुठं आहे.

स्टॅटिकचं इकडं नीट बघावं लागतं. फेब्रुवारीपासून आपल्याकडं हवा इतकी कोरडी होते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं की बोटाला चटका बसतो. म्हणून टेबलाखाली फरशी ओली पुसून घेतली, सुती शर्ट, पंखा बंद, मनगटाला १ मेगाओहमच्या रेझिस्टरचा पट्टा, आणि पट्ट्याची तार खऱ्या अर्थिंगला. खऱ्या म्हणतोय कारण बऱ्याच जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागं तार नसते, आधी तपासायचं.

प्रोग्रॅमर टीएल८६६, त्याच्यावर पीएलसीसी ३२ चा अडॅप्टर. दोन्ही चिपा परत परत वाचून चेकसम जुळवले, जुळले. फ्लॅशमधला ईएमडीचा माल शाबूत.

आता ज्याच्यासाठी मी रविवारची वाट बघत होतो ते. वाचलेली फाईल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून उघडली, ८ बिट अनसाइन्ड, मोनो, ११०२५ हर्ट्झ, आणि हेडफोन लावला. अख्खी चिप ऐकायला मिळाली! ५१२ केबी म्हणजे या वेगानं साडेसत्तेचाळीस सेकंद. पहिले सहा सेकंद स्टार्टर आणि इंजिन धरताना, मग आयडल, मग एकामागं एक नॉच (इंजिनाच्या जोराच्या पायऱ्या) चढत जाताना, आणि बरोबर मध्याच्या पुढं २४ सेकंदाला भोंगा, २८ ला घंटा, नंतर हवा, कॉम्प्रेसर, ब्रेक. एवढं मोठं इंजिन, आणि त्याचा सगळा आवाज पाऊण मिनिटात मावलाय, त्यातलेच तुकडे गोल गोल फिरवून तासन् तास वाजवतात, ज्यानं कुणी हे कापून बसवलं त्याच्या कानाला मानलं पाहिजे.

आणि हिशोब तंतोतंत बसला. अर्धी मेमरी म्हणजे २३.८ सेकंद. स्टार्टर शून्य ते सहावर, त्यात २३.८ मिळवले की पोचतो भोंग्यावर आणि पुढं घंटेवर. आयडल सहाच्या पुढं, त्यात मिळवले की तिशीच्या आसपास, तिथं हवेचं फुस्स. रुळावर ऐकलेलं आणि कागदावरचं एकच निघालं. असला दिवस या छंदात क्वचित येतो.

कंट्रोलच्या चिपापण वाचायला लावल्या, सगळे शून्य. कोड प्रोटेक्ट केलाय, तो वाचता येत नाही आणि ते अपेक्षितच होतं. मुद्दा हा की आवाजाची कॉपी करता येते, कंट्रोलची नाही. कंट्रोल पाहिजे असेल तर खरी चिप उचलूनच न्यावी लागणार.

२ मार्च

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेल्या कोऱ्या ३९एसएफ०४० कुरिअरनं आल्या. जुने काढलेले पार्ट नवीन म्हणून विकले जातात, त्यामुळं आधी ब्लँक चेक, सगळीकडं एफएफ, म्हणजे कोरं, आलं पाहिजे. एकीत जुना माल निघाला, ती बाजूला. चांगलीवर अल्कोची फाईल लिहिली, व्हेरिफाय केलं, 'ख' च्या सॉकेटात बसवली. मूळ ईप्रॉम पाकिटात घालून ठेवली, तिला खिडकी नसते त्यामुळं पुसता येत नाही, तीच आता मास्टर कॉपी.

चालू केलं. स्टार्टर आला, इंजिननं धरलं, आणि आयडल सुरू झालं. अल्को! लाईट गेली तेवढ्यात, इन्व्हर्टरवर परत चालू करून ऐकत बसलो.

पण पूर्ण बरोबर नाही. आयडलला दर दोन-तीन सेकंदाला एक टिक्क येतो आणि नॉच पाचला चढताना चारचं शेपूट ऐकू येतं. कारण कळायला वेळ लागला नाही. कुठला आवाज मेमरीत कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो याचा तक्ता आवाजाच्या चिपेत नाहीये, तो कंट्रोलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. 'ख' च्या कंट्रोलला ईएमडीचा तक्ता पाठ आहे. दोन्ही चिपांत भोंगा, घंटा, हवा एकाच जागी ठेवलेत, ऑडॅसिटीत दोन्ही फाईली खालीवर ठेवून बघितलं, पण इंजिनच्या तुकड्यांच्या हद्दी थोड्या वेगळ्या पडतात. त्यामुळं तुकडा चुकीच्या जागी कापला जातो आणि टिक्क.

दोन वाटा आहेत. अल्कोचे तुकडे मीच ताणून-कापून ईएमडीच्या हद्दीत बसवायचे, नाहीतर 'क' ची कंट्रोल चिपच इकडं आणायची. पहिलीत मूळ लंगडणं बिघडायची शक्यता जास्त. दुसरी वाट.

८ मार्च

कंट्रोल चिप हलवायच्या आधी तपासणी. आवाजाच्या चिपेनं जे शिकवलं ते इथं लागू, बसते म्हणजे चालते असं नाही.

दोन्ही बोर्डांवर क्रिस्टल २० मेगाहर्ट्झचाच, हे सगळ्यात महत्त्वाचं, डीसीसीत एकचा बिट म्हणजे ५८ मायक्रोसेकंदाचे दोन अर्धे आणि शून्याचा अर्धा किमान १०० चा, घड्याळ वेगळं असलं तर चिपला रुळावरचं अक्षर कळणार नाही. पुरवठ्याचे पाय सारखे. मोटर ड्रायव्हरकडं जाणाऱ्या लाईनी मल्टिमीटरच्या बीपवर एकेक करून मिळवल्या, सारख्या. आवाजाच्या चिपेकडं जाणाऱ्या सगळ्या ॲड्रेस आणि डेटा लाईनी, यात अख्खी दुपार गेली, त्यापण सारख्या. पुढचा दिवा सारखा. मागचा दिवा वेगळा! 'क' वर तो एका पायावर आणि 'ख' वर शेजारच्या पायावर, आणि 'ख' वर 'क' चा तो पाय कुठंच जोडलेला नाही. नुकसान काहीच नाही, फक्त मागचा दिवा लागणार नाही, तार टाकून सोडवता येईल.

चिपा बदलायच्या आधी दोन्ही इंजिनांचे सीव्ही, म्हणजे डिकोडरमधल्या (इंजिनातल्या डीसीसी बोर्डातल्या) सेटिंगचे आकडे, प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर वाचून वहीत उतरवले. सीव्ही ८ म्हणजे बनवणाऱ्याचा नंबर, दोन्हीत तोच. सीव्ही ७ म्हणजे प्रोग्रॅमचं व्हर्जन, दोन्हीत वेगळं. वाचताना डिकोडर उत्तर म्हणून मोटरला किंचित झटका देतो, किमान ६० मिलीअँपिअर ६ मिलीसेकंद, म्हणून चाकं आणि रूळ स्वच्छ पाहिजेत, आयसोप्रोपिलनं पुसले तेव्हा कुठं सलग वाचन आलं.

९ मार्च

चिपा बदलल्या. चालू केलं तर 'ख' आपल्या ३ नंबरच्या पत्त्यावर, म्हणजे ज्या नंबरानं त्याला डीसीसीत हाक मारायची त्यावर, उत्तरच देईना. हे होणारच होतं, पत्ता आणि सगळे सीव्ही पिकच्या आतल्या २५६ बाइटच्या ईईप्रॉममध्ये राहतात, चिप उचलली की पत्तापण तिच्यासोबत आला. काल वहीत लिहिलं होतंच, 'क' चा सीव्ही १७ मध्ये १९७ आणि सीव्ही १८ मध्ये १३७. १९७ मधून १९२ वजा केले की ५, पाच गुणिले २५६ अधिक १३७, पत्ता १४१७. तो टाकला आणि दिवा लागला.

टिक्क गेला. आयडल एकदम गोल, नॉच एक ते आठ स्वच्छ चढतात, उतरताना टर्बो मागं रेंगाळतो. पण चालायला थोडं खराब झालं, हळू वेगात झटके देतं, कारण या चिपेतले आकडे 'क' च्या जड मोटरसाठी लावलेले.

१६ मार्च

चालणं सुधरवण्यात गेला दिवस. सीव्ही २ हळूहळू कमी करत आणलं, पहिल्या स्पीड स्टेपला चाक दिसेल न दिसेल एवढंच फिरलं पाहिजे. सीव्ही ३ आणि ४ वाढवले म्हणजे वेग धरायला आणि सोडायला वेळ लागतो, साऊंडवाल्या इंजिनाला हे लागतंच, आवाज आधी चढतो आणि गाडी मागून हलते, खऱ्या मालगाडीसारखं. सीव्ही २९ मध्ये ३८ होतं, ३२ लांब पत्त्याचे, ४ ॲनालॉगचे (डीसीसी नसलेल्या साध्या रुळावर चालायची सोय), २ स्पीड स्टेपचे. ॲनालॉग मला नको, ३४ केलं.

मागच्या दिव्यासाठी वाइंडिंगची बारीक इनॅमल तार सॉकेटच्या खालून त्या पायापासून दिव्याच्या ट्रान्झिस्टरपर्यंत टाकली, आणि जुन्या पायाची लाईन ब्लेडनं तोडली, दोन आउटपुट एकाच जागी भांडायला नकोत. दिवा लागला, दिशा बदलली की बरोबर बदलतो.

स्पीकर ८ ओहमचाच ठेवला पण मागून बंद डबी केली. उघड्या स्पीकरची पुढची आणि मागची लाट एकमेकीला खाऊन टाकते, डबी लावल्याबरोबर आवाज दुप्पट भरदार वाटतो. ५३ हर्ट्झ एवढ्याशा स्पीकरमधून येत नसतातच, येतात त्याचे वरचे पट, आणि कान खालचं आपोआप भरून घेतो.

३० मार्च, पाडवा

पूर्ण्याचे मामा आलेत. मामा रेल्वेत ड्रायव्हर होते, आधी पूर्णा-अकोला मीटरगेजवर वायडीएम-४, मग ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-२ आणि ३ए. ज्याला काझीपेठ शेडचं इंजिन नुसतं आवाजावरून ओळखू यायचं त्याच्यापुढं हे ठेवायचं म्हणजे परीक्षाच.

जेवण झाल्यावर टेबलाजवळ आले, "काय करूलालास रे एवढं तासन् तास?" म्हणले. मी काही सांगितलं नाही, नुसतं चालू केलं. मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खाली वाकून ऐकत राहिले.

"सोळा सिलिंडर हाय," म्हणले. "वायडीएम सहाचं असतंय, त्याचा ठोका मोजता येतो. ह्याचा येत नाही."

खरंच, सहा सिलिंडर ४०० आरपीएमला म्हणजे सेकंदाला २० ठोके, सोळाचे ५३. मामांनी हा हिशोब कधी केला नसणार.

मग त्यांनी नॉच चढवायला लावलं. "एकदम नको, एकेक दे. आता थांब. टर्बो येऊ दे... हां. आता पुढचा." आठला गेल्यावर मान हलवली. "मामा, बरोबर आहे ना? तुम्हाला काही वेगळं वाटतंय का?" विचारलं तर म्हणले इंजिन बरोबर, पण "हा भोंगा आपला नव्हं. हा तिकडचा हाय, बाजासारखा. आपला दोन सुरांचा असतो, एक जाड एक बारीक, आणि शिट्टी मारताना आधी जरा हवा गळती."

बरोबर आहे. अमेरिकन भोंगे तीन किंवा पाच कर्ण्यांचे, एकदम पेटीच्या सुरासारखे वाजतात. भोंगा बदलायचा.

६ एप्रिल

मामांसोबत परळीच्या लाईनीवर पुलावर जाऊन भोंगा रेकॉर्ड केला, थर्मलच्या कोळशाची गाडी होती, पुढं अल्कोवालं मालगाडीचं इंजिन. आमच्या मेन लाईनीवर आता वरून तारा आल्यात, डिझेलसाठी थांबावं लागतं. रस्त्याच्या पुलावरूनच, रुळाच्या जवळ जायचं नाही, मामा त्या बाबतीत कडक.

भोंग्याचा तुकडा चिपेत २४ ते २८ सेकंदात, साधारण चार सेकंद. त्याचे तीन भाग, सुरुवात, मधला जो बटन दाबून धरलं की फिरत राहतो, आणि शेपूट. हद्दी कंट्रोल चिपेत पक्क्या, त्यामुळं माझं रेकॉर्डिंग त्याच मापात बसवावं लागलं. मामा म्हणतात ती हवा सुरुवातीच्या भागात घेतली. मधल्या भागाची सुरुवात आणि शेवट लाट शून्य रेषा ओलांडते तिथंच आणि एकाच दिशेनं ओलांडताना कापला, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टिक्क. आणि उरलेली जागा १२८ नं भरली, शून्यानं नाही, ८ बिट अनसाइन्डमध्ये शांतता म्हणजे १२८, तिथं शून्य भरलं तर पडदा एकदम आत ओढला जाऊन फट्ट आवाज येतो.

वारा लई होता, १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. ११०२५ ला उतरवून ८ बिट रॉ केलं, फाईलमध्ये जागेवर चिकटवलं, कोऱ्या दुसऱ्या फ्लॅशवर लिहिलं. जुनी फ्लॅश तशीच ठेवली.

बसवून वाजवला. बारीक सूर थोडा चिरका येतोय, ८ बिटमध्ये जेवढं येणार तेवढंच, पण दोन सुरांचा आणि आपला.

१३ एप्रिल

बोर्ड चेसिसवर कायमचा बसवला. सॉकेटांवरून पातळ कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), चिपा उष्णतेनं हळूहळू वर सरकू नयेत म्हणून. आता दुपारी खोलीत चाळीसच्या आसपास असतं, तासभर चालवून मोटर ड्रायव्हरला बोट लावून बघितलं, कोमट, ठीक. बल्ब काढून थेट १५ व्होल्टवर चालवलं.

वहीत आणि बोर्डाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत हे लिहिलंय, पुढं हे ज्याच्या हातात जाईल त्याच्यासाठी: आवाज ३९एसएफ०४०, अल्को २५१, भोंगा भारतीय. कंट्रोल 'क' मधून आणलेली, पत्ता १४१७, सीव्ही २९ ला ३४. या सॉकेटात २७सी०४० चालत नाही, पाय १ आणि ३१ वेगळे. दोन्ही चिपा जोडीनंच हलवायच्या.

'क' मध्ये 'ख' ची कंट्रोल चिप गेलीय, पण ईएमडीचा आवाज फ्लॅशमध्ये आणि 'क' चं सॉकेट ईप्रॉमचं. कोरी २७सी०४० पीएलसीसीमध्ये शोधतोय, नाही मिळाली तर त्या सॉकेटाचे दोन पाय तारेनं उलटसुलट करून फ्लॅशच बसवीन. गियर आधी बदलायचाय, तो मागवलाय. मामांनी पुढच्या वेळेस येताना वायडीएम-४ चं काय करणार म्हणून विचारलंय, त्याला १२ मिलीमीटरचे रूळ आणि सहा सिलिंडरचा आवाज लागेल.